बिल वटवण्याच्या नेटवर्कसाठी मॉड्युलर ब्लॉकचेन: दर झाकायचे आणि तपासणीलाही दार ठेवायचं. कोणता नियम कोणत्या थरात बसवावा?

प्रश्न: चाकण_लेजर

नमस्कार मंडळी. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योगांची बिलं वित्तसंस्थांनी वटवायची (मुदतीआधी थोडी कपात करून पैसे द्यायचे), अशा नेटवर्कचा आराखडा तपासून हवा आहे. आकार असा: १२ वित्तसंस्था (बँका आणि एनबीएफसी), पुरवठादार मुख्यतः चाकण, भोसरी आणि वाळूजच्या एमआयडीसीतले, क्षमता रोज २०,००० व्यवहारांची.

अटी दोन आहेत आणि त्या एकमेकींना ओढतात. कोणाला कोणत्या दरानं पैसे मिळाले आणि बिलाची रक्कम किती, हे इतर वित्तसंस्थांना किंवा स्पर्धक पुरवठादारांना कळता कामा नये. सुट्या भागाचा भाव फुटला की पुढच्या वाटाघाटीत पुरवठादार भरडला जातो. पण त्याच वेळी एकच बिल दोन ठिकाणी वटवलं तर ते पकडलं गेलं पाहिजे, आणि पीएमएलए या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली माहिती मागितली गेली तर ती देता आली पाहिजे.

सध्याची मांडणी मॉड्युलर आहे, म्हणजे प्रत्येक काम वेगळ्या थरात. व्यवहार चालवण्यासाठी स्वतंत्र झेडके-रोलअप (व्यवहार बाहेर चालवून, ते बरोबर असल्याचं झेडके प्रूफ, म्हणजे मूळ माहिती न उघडता देता येणारा गणिती पुरावा, खालच्या साखळीला देणारा थर), त्याचा एकच सिक्वेन्सर (व्यवहारांचा क्रम लावणारा), तो नेटवर्कचालकाकडे. सेटलमेंट, म्हणजे अंतिम शिक्का, इथेरियम या सार्वजनिक साखळीवर. डेटा उपलब्धतेसाठी इथेरियमचे ब्लॉब (तात्पुरते डेटा-गठ्ठे) किंवा सेलेस्टिया हे वेगळं नेटवर्क, आणि त्यात प्रत्येक बिलाची एईएस-२५६ नं कूटबद्ध केलेली प्रत. दुबार वटवणूक रोखायला ई-इनव्हॉइसच्या आयआरएनचा (जीएसटी यंत्रणेतल्या बिलाच्या नोंदणी क्रमांकाचा) एसएचए-२५६ हॅश, म्हणजे गणिती ठसा, साखळीवर. तो आधीच असेल तर नकार. केवायसी झालं आहे की नाही ते सिक्वेन्सर पाहील. तपासणीसाठी सगळ्या नोंदी उघडणारी एक ऑडिट-की, तीन अधिकाऱ्यांच्या मल्टिसिगमागे (अनेकांच्या सह्या लागणारं कुलूप).

यात पहिली भेग कुठे पडेल? आणि डीपीडीपी या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातला माहिती खोडून घेण्याचा हक्क या रचनेत कसा पाळायचा?

उत्तर: शून्यज्ञानी

पहिली भेग आयआरएनच्या हॅशमध्येच आहे. ती इतकी रुंद आहे की बाकीचे थर कितीही नीट बांधलेत तरी माहिती तिथून गळत राहील.

आयआरएन ६४ अक्षरांचा असतो, म्हणून गूढ वाटतो. पण तो स्वतःच एक हॅश आहे. पुरवठादाराचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, दस्ताचा प्रकार आणि दस्त क्रमांक, एवढ्या चार गोष्टींवरून तो निघतो. यात गुपित काय आहे? जीएसटीआयएन पोर्टलवर शोधता येतो, वर्ष आणि प्रकार माहीतच असतात. उरला बिल क्रमांक. तो नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि ओळीनं चढणारा. त्या पुरवठादाराचं एक जुनं बिल ज्याच्याकडे आहे त्याला क्रमांकाची घडण कळलीच. एकेका पुरवठादारामागे १०,००० क्रमांक करून पाहिले आणि दहा लाख पुरवठादार धरले, तरी एकूण १,००० कोटी प्रयत्न होतात. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हे काही सेकंदांचं काम आहे. रक्कम दिसली नाही तरी 'हा पुरवठादार या महिन्यात सगळीच बिलं वटवतोय' हे खरेदीदाराला कळणं पुरेसं घातक आहे.

हीच गोष्ट पॅन आणि आधारची. वैध आधार क्रमांकांची शक्य रूपं साधारण ८,००० कोटी (पहिला अंक २ ते ९, शेवटचा पडताळणीचा), व्यक्तीच्या पॅनची सुमारे ११,९०० कोटी. यांचा नुसता हॅश साखळीवर ठेवणं म्हणजे क्रमांकच ठेवणं.

मग हॅशमध्ये मीठ, म्हणजे जादाचा यादृच्छिक आकडा, घालावं का? बिलागणिक वेगळं मीठ घातलं तर दोन बँकांकडून एकाच बिलाचे दोन वेगळे हॅश येतील आणि दुबार वटवणूक सापडणारच नाही. सगळ्यांचं मिळून एक गुप्त मीठ, म्हणजे सामायिक कीचा एचएमएसी, ठेवला तर बारांपैकी एका ठिकाणाहून की फुटली की मागचा सगळा इतिहास उघडा पडतो.

इथे थ्रेशोल्ड ओपीआरएफ लागतं: गुप्त की अनेकांत वाटलेली, आणि उत्तर देणाऱ्यांना प्रश्न न दिसणारा हॅश. प्रोटोकॉल आरएफसी ९४९७ मध्ये लिहिलेला आहे. थ्रेशोल्डची बाजू मात्र त्यावर तुम्हाला बांधावी लागेल. कीचे १२ वाटे, उत्तरासाठी त्यातले ७ लागतील असे. सहा जण संगनमतानं एकत्र आले तरी की बनत नाही, आणि पाच नोड बंद पडले तरी काम चालू राहतं. बँक आयआरएनवरून क्रिप्टोग्राफीच्या वक्रावरचा एक बिंदू काढते, त्याला यादृच्छिक आकड्यानं गुणून झाकते आणि वाटे सांभाळणाऱ्या नोडांकडे पाठवते. प्रत्येक नोड आपल्या वाट्यानं गुणून परत देतो. सात उत्तरं जोडायची, झाकण काढायचं, हाती येतो तो नलिफायर, म्हणजे बिल न उघडता ते आधी वापरलं गेलं का हे ओळखणारी खूण. एकाच बिलाचा नलिफायर कोणीही काढला तरी तोच येतो, नोडांना बिल दिसत नाही, आणि बाहेरच्याला घरबसल्या अंदाज करून पाहता येत नाही.

यात चुकण्याच्या जागा बऱ्याच आहेत.

नोडनं मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं तर वेगळाच नलिफायर तयार होतो आणि दुबार बिल सहज पार होतं. म्हणून उत्तरासोबत डीएलईक्यू प्रूफ (नोडनं आपला खरा वाटाच वापरल्याचा पुरावा) सक्तीचं करा. तसंच, बँकेनं ओपीआरएफला विचारलं बिल 'अ' बद्दल आणि नलिफायर लावला बिल 'ब' ला, असं होऊ नये, यासाठी नलिफायर आणि बिलाचं कमिटमेंट (मजकूर न दाखवता त्याला बांधून ठेवणारा ठसा) एकाच आयआरएनचे आहेत हे सर्किटमध्येच (प्रूफ ज्या गणिती अटींवर बनतं त्यांच्या संचात) सिद्ध व्हायला हवं. हा दुवा विसरलेली डिझाइन कागदावर अगदी निर्दोष दिसते.

ओपीआरएफची की कधी बदलायची नाही. बदललीत की जुन्या बिलांचे नलिफायर नव्यांशी जुळणार नाहीत. फक्त वाटे नव्यानं पाडायचे. मूळ की तीच राहते. की फुटल्याचा संशय आलाच, तर सर्वांत जुनं उघडं बिल फिटेपर्यंत जुन्या आणि नव्या दोन्ही कीनं नलिफायर काढून तपासा.

प्रश्न विचारण्यावर मर्यादा हवी, नाहीतर एखादी बँक नोडांनाच अंदाज विचारत बसेल. सर्वांत भक्कम मर्यादा म्हणजे विचारणाऱ्याकडे आयआरपीनं (ई-इनव्हॉइस नोंदवणाऱ्या पोर्टलनं) सही केलेला क्यूआर खरोखर आहे याचं प्रूफ मागणं. ती सही आरएसए-२०४८ ची असते आणि बेस६४ मध्ये बांधलेल्या मजकुरावर असते. सर्किटमध्ये मजकुराची कमाल लांबी भरावासह (पॅडिंग) १,०२४ बाइट धरली तर एसएचए-२५६ चे १६ ब्लॉक होतात, प्रत्येकी सुमारे ३०,००० कन्स्ट्रेंट (सर्किटमधल्या अटी), म्हणजे ४.८ लाख. आरएसए आणि बेस६४ सोडवणं धरून हिशेब सहा-सात लाखांच्या घरात जातो. सर्व्हरवर हे काही सेकंदांत निघतं. पुरवठादाराच्या फोनवर काढायला जाऊ नका, प्रूफ बनवायला लागणारी प्रूव्हिंग-कीच शेकडो एमबीची असते. बिल घेणारी बँक ते पाहतेच, तेव्हा प्रूफ तिच्याच सर्व्हरवर बनवा. आयआरपी एकापेक्षा जास्त आहेत आणि प्रत्येकाची सहीची की वेगळी, म्हणून सार्वजनिक कींची यादी आवृत्तीसह ठेवा. एकच की सर्किटमध्ये कोरून ठेवलीत तर ती बदलण्याच्या दिवशी नेटवर्क थांबेल.

आयआरएन नेहमी सहीच्या मजकुरातूनच उचला, स्वतः काढू नका. दस्त क्रमांकातली लहान-मोठी अक्षरं आयआरपी १ जून २०२५ पासून एकच मानतं. त्याआधीच्या नोंदींत तसं नाही.

उत्तर: अनुपालन_कट्टा

शून्यज्ञानी यांनी नलिफायरचं नीट सांगितलं आहे, मी कायद्याच्या बाजूनं आराखडा वाचतो.

कूटबद्ध बिल सार्वजनिक डेटा थरावर टाकणं रद्द करा. कारण क्रिप्टोग्राफीचं नाही, रिझर्व्ह बँकेचं आहे. ट्रेड्स (लघुउद्योगांची बिलं वटवण्याचे ऑनलाइन मंच) हे पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ खाली परवाना लागणारं काम आहे, आणि तुमची रचना त्याच जातीची आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे पेमेंट यंत्रणेचा संपूर्ण डेटा फक्त भारतातल्या यंत्रणांत साठवायचा. ब्लॉब जगभरच्या नोडांवर जातो. तो कूटबद्ध असल्यानं साठवणुकीची जागा बदलत नाही. नुसतं कमिटमेंट किंवा नलिफायर बाहेर जाणं हा वेगळा विषय, पण तेही वकिलाचं लेखी मत हातात आल्यावरच.

आता खोडण्याबद्दल. डीपीडीपी कायदा व्यक्तीच्या माहितीला लागू आहे, म्हणून 'आमचे पुरवठादार कंपन्या आहेत, आम्हाला काय' असा समज होतो. तुमच्या पट्ट्यातले कितीतरी लघुउद्योग एकल मालकीचे असतात. जीएसटीआयएनमधली तिसरी ते बारावी ही दहा अक्षरं म्हणजे मालकाचा स्वतःचा पॅन. तेव्हा बिलाच्या नोंदीत व्यक्तीची माहिती आहेच असं धरून चला.

दुसऱ्या बाजूला पीएमएलएचं कलम १२ आहे: व्यवहाराच्या नोंदी पाच वर्षं, आणि ओळखीच्या नोंदी संबंध संपल्यापासून पाच वर्षं. डीपीडीपी कायद्यानं, दुसऱ्या कायद्याखाली ठेवणं भाग असेल तोवर माहिती ठेवायला मुभा दिली आहे. म्हणजे पाच वर्षांत कोणी खोडा म्हटलं तर कारण देऊन नकार, आणि मुदत सरल्यावर कोणी न म्हणताही खोडायचं. हे दुसरं अर्धं काम बहुतेक आराखड्यांत नसतंच. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात, म्हणून हे आत्ताच बांधून घ्या.

व्यवहारात कसं: प्रत्येक बिलाला स्वतंत्र डेटा-की, ती पुरवठादार आणि आर्थिक वर्ष यांच्या जोडीच्या वरच्या कीनं गुंडाळलेली. मुदत संपली की वरची की नष्ट करायची. पण तेवढ्यावर थांबू नका. 'की नष्ट केली म्हणजे माहिती खोडली' असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून कूटबद्ध प्रतही पुसा, बॅकअपमधूनसुद्धा. बॅकअपच्या टेपवर गुंडाळलेली की राहून जाणं ही हमखास घडणारी चूक आहे. की आणि डेटा यांचे बॅकअप वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या वेळापत्रकावर ठेवले की ती टळते. साखळीवर मागे उरेल ते २५६ बिटांचा यादृच्छिक आकडा मिसळलेलं कमिटमेंट. तो आकडाही पुसला गेला असला की त्यातून काही निघत नाही.

आणखी एक, करासंबंधी. बिलाचा हस्तांतरणीय टोकन बनवू नका. आभासी डिजिटल मालमत्तेची २०२२ च्या अर्थसंकल्पानं आणलेली व्याख्या फार रुंद आहे. टोकन त्यात बसला तर नफ्यावर ३० टक्के कर आणि हस्तांतरणावर १ टक्का टीडीएस अंगाला चिकटतो. वटवणुकीचा नफा एवढा पातळ असतो की हा भार पेलणार नाही. त्याऐवजी 'या बिलाचं येणं अमुक संस्थेकडे सोपवलं' अशी नोंद ठेवा, आणि तीच नोंद सेरसाय या केंद्रीय नोंदणीकडे पाठवा. फॅक्टरिंग कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनं ट्रेड्सला वित्तसंस्थांच्या वतीनं ही नोंदणी करायची सोय दिली आहे. तुमचा नलिफायर फक्त नेटवर्कच्या आतली दुबार वटवणूक पकडतो. बाहेरच्या बँकेकडे तेच बिल गेलं तर तो काही बोलणार नाही.

उत्तर: थरावर_थर

मॉड्युलर म्हटलं की थर कोणते घ्यायचे यावरच चर्चा होते. तुमचा खरा प्रश्न, प्रत्येक नियम कोणत्या थरात ठेवला तर तो टाळता येणार नाही, हा आहे. आराखड्यात सर्वांत चुकीच्या जागी बसलेला नियम केवायसीचा आहे.

सिक्वेन्सर केवायसी पाहतो म्हणता. पण व्यवहार दडपले जाऊ नयेत म्हणून बहुतेक रोलअपमध्ये खालच्या साखळीवरून थेट व्यवहार घुसवायची वाट ठेवलेली असते. त्या वाटेनं आलेला व्यवहार सिक्वेन्सरच्या तपासणीतून जातच नाही. ही वाट बंद केलीत तर एकटा चालक कोणाचंही काम अडवू शकतो. उघडी ठेवलीत तर केवायसी नावापुरतं. सुटका एकच: नियम सर्किटमध्ये ठेवा. 'माझ्याकडे मान्य संस्थेनं दिलेलं, रद्द न झालेलं प्रमाणपत्र आहे आणि मी निर्बंध यादीत नाही' हे प्रूफमध्येच असेल तर व्यवहार कुठल्याही दारानं येवो, नियम लागू होतो.

टॉर्नेडो कॅश या क्रिप्टो व्यवहारांचा माग पुसणाऱ्या सेवेचं उदाहरण याच अंगानं पाहण्यासारखं आहे. मुख्य करार (साखळीवरचे प्रोग्रॅम) न बदलणारे होते, त्यामुळे रोखण्याचे उपाय वेबसाइटच्या पातळीवर राहिले, आणि करार कोणालाही थेट वापरता येत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेनं करारांचे पत्तेच निर्बंध यादीत टाकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं न बदलणारे करार ही कोणाची मालमत्ता नव्हे असं म्हटलं आणि मार्च २०२५ मध्ये ते यादीतून निघाले. नियम चुकीच्या थरात असला की नियामकाच्या हाती सगळं बंद करण्यापलीकडे साधन उरत नाही.

यादीच्या बाबतीत एक बारकावा. प्रूफ यादीच्या मर्कल रूटवर (सगळ्या यादीच्या मिळून एका हॅशवर) बनतं आणि रूट बदलत राहतो. १०:५८ च्या रूटवर बनलेलं प्रूफ ११:०१ ला पोचलं तर? केवायसीच्या रूटला दहा मिनिटांची सवलत द्या, नाहीतर यादी अद्ययावत होताना निम्मे व्यवहार आपटतील. निर्बंध यादीच्या रूटला मात्र शून्य सवलत. तिथे प्रूफ पुन्हा बनवायला लावा.

आता आकारमान. सार्वजनिक थरावर काय जाईल? नलिफायर ३२ बाइट, नवं कमिटमेंट ३२ बाइट, जुनी-नवी स्थिती, तपासणीसाठीच्या बंद लिफाफ्याचा (चौकशीच्या वेळीच उघडायच्या कूटबद्ध प्रतीचा) हॅश आणि थोडी मोकळी जागा, असे व्यवहारामागे ३०० बाइट धरू. रोज २०,००० म्हणजे ६० लाख बाइट. इथेरियमचा ब्लॉब ४,०९६ × ३२ बाइटांचा, पण प्रत्येक ३२ मधले ३१ च सोयीनं वापरता येतात, म्हणून हाती १,२६,९७६ बाइट येतात. म्हणजे दिवसाला ४८ ब्लॉब, सरासरी अर्ध्या तासाला एक. ब्लॉब अर्धा भरला तरी पूर्ण ब्लॉबचे पैसे लागतात. रात्री काहीच नसतं आणि दुपारी दोन-दोन लागतील, तेव्हा वेळेवर नाही, भरण्यावर बॅच सोडा, फक्त दोन तासांची कमाल मर्यादा ठेवा.

ब्लॉब ४,०९६ इपॉक म्हणजे साधारण १८ दिवसांनी नोड काढून टाकतात. कोणाला वाटतं यामुळे खोडण्याचा प्रश्न सुटला. सुटत नाही, कारण कोणीही प्रत ठेवू शकतो. कोणाला वाटतं डेटा थर म्हणजे साठवण, पाच वर्षांच्या नोंदी तिथे राहतील. तेही नाही. डेटा उपलब्धता म्हणजे बॅच निघाली तेव्हा डेटा सर्वांना मिळत होता, एवढीच हमी. नोंदी जपणं तुमचं काम.

शेवटी पैसे कधी सोडायचे ते. दोन बँकांनी एकच बिल एकाच बॅचमध्ये पाठवलं तर सिक्वेन्सर ज्याला आधी ठेवेल तो जिंकतो. सिक्वेन्सरच्या तात्पुरत्या होकारावर आरटीजीएस केलंत आणि बॅच उलटली तर पैसे गेले. इथेरियमवर अंतिमता यायला दोन इपॉक, ६४ स्लॉट × १२ सेकंद, म्हणजे सुमारे १३ मिनिटं लागतात. त्यात बॅच भरण्याची वाट मिळवा. हे जड वाटत असेल तर आधी बिल 'राखीव' करायची पायरी ठेवा: चार तासांचं कुलूप, मग निश्चिती, मग पैसे. कुलूप लावायला पुरवठादाराची सही हवीच, नाहीतर एक बँक दुसरीचा धंदा अडवायला बिलं कुलूपबंद करत सुटेल.

चाकण_लेजर

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी अजून विचारतो. एवढं सगळं झेडकेमध्ये करण्यापेक्षा हायपरलेजर फॅब्रिक या फक्त सदस्यांसाठीच्या ब्लॉकचेनचं प्रायव्हेट डेटा कलेक्शन (ठरावीक सदस्यांनाच दिसणारा डेटा) वापरलं तर भागेल का? आणि ऑडिट-कीबद्दल कोणी बोललं नाही, ती मल्टिसिगमागे ठीक आहे असं समजू का?

उत्तर: अनुपालन_कट्टा

फॅब्रिक घेतलंत तरी मी नाक मुरडणार नाही. सगळे नोड भारतात ठेवता येतात, प्रायव्हेट डेटा ठरावीक ब्लॉकनंतर आपोआप पुसायची सोय आहे, आणि २.५ आवृत्तीपासून हवा तेव्हा पुसायचीही. नियामकाला समजावणं सोपं जातं. पण त्यात चॅनलवर, म्हणजे सदस्यांच्या सामायिक साखळीवर, डेटाचा हॅश जातो, आणि तिथे आयआरएनचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो: मीठ घातलं तर दुबार सापडत नाही, न घातलं तर अंदाजानं उघडतं. ओपीआरएफ तुम्हाला दोन्हीकडे लागणारच.

उत्तर: थरावर_थर

इथे माझं मत वेगळं आहे. फॅब्रिकमध्ये रक्कम आणि मर्यादा यांचा ताळमेळ बरोबर आहे हे नोंद पाहू शकणाऱ्यांनाच तपासता येतं. बाराच्या बारा संस्थांनी एकमेकांचे आकडे न पाहता एकूण हिशेब बरोबर असल्याची खात्री करायची असेल तर प्रूफ हवंच. मधला मार्ग म्हणून व्हॅलिडियम घ्या: प्रूफ आणि स्थितीचा रूट सार्वजनिक साखळीवर, डेटा बारांपैकी आठ सह्या लागणाऱ्या समितीकडे, भारतातच. जोखीम एकच, समितीनं डेटा दाबला तर पुढचे व्यवहार अडतात. बिलाचं येणं शेवटी कागदावरच्या करारानं वसूल होतं, त्यामुळे अडकण्याचा फटका शुद्ध क्रिप्टो मालमत्तेपेक्षा कमी. तरीही प्रत्येक पुरवठादाराच्या नोंदीची सही केलेली प्रत त्याच्या हाती द्याच.

उत्तर: शून्यज्ञानी

ऑडिट-की ठीक नाही, आणि कारण मुळातलं आहे. मल्टिसिग कराराच्या परवानगीचं रक्षण करतं. उघडण्याची की अखंड स्वरूपात कुठेतरी असेल तर ती जिथे आहे तिथून एकदा कॉपी झाली की तीन सह्यांना काही अर्थ राहत नाही, आणि कॉपी झाली हे कळतही नाही. त्यामुळे उघडण्याची क्रियाच वाटून द्या: थ्रेशोल्ड एलगमाल ही कूटबद्ध करण्याची पद्धत, पाच वाटे, तीन लागतील असे. की कुठल्याही क्षणी एका यंत्रावर पूर्ण बनत नाही.

शिवाय ती की सगळं आणि सदासर्वकाळ उघडणारी नको. झीकॅश या रकमा झाकणाऱ्या क्रिप्टो चलनातल्या व्ह्यूइंग-कीचा (व्यवहार पाहू देणाऱ्या कीचा) अनुभव पाहा: संकल्पना उत्तम, पण एकदा दिलेली की मागचंही दाखवते आणि पुढचंही. तुमच्याकडे चौकशी असते 'अमुक संस्था, अमुक तिमाही' अशी. म्हणून संस्था आणि तिमाही यांच्या प्रत्येक जोडीला वेगळी ऑडिट-की ठेवा, तिचे वाटे आधीच पाडलेले.

प्रत्येक व्यवहाराबरोबर तपासणीचा बंद लिफाफा जातो. त्याच्या आतला मजकूर आणि कमिटमेंटमधला मजकूर एकच आहे हे सर्किटनं तपासलं पाहिजे. हे नसेल तर पाठवणारा लिफाफ्यात कचरा भरू शकतो, आणि ते दोन वर्षांनी, चौकशीच्या दिवशी कळतं. एईएस सर्किटमध्ये महाग पडतं. बेबी-जबजब या सर्किटला सोयीच्या वक्रावर एलगमालनं की झाकायची आणि मजकूर पॉसायडन या सर्किटसाठीच्या हॅशनं, हे स्वस्तात होतं. लिफाफे सगळे सारख्या लांबीचे करा. एका ओळीचं बिल आणि चाळीस ओळींचं बिल लांबीवरून ओळखू येता कामा नये. लिफाफे भारतातल्या डेटा समितीकडे राहतील, बाहेर जाईल तो हॅश.

उघडण्याच्या प्रत्येक विनंतीची नोंद साखळीवर हवी, म्हणजे गुपचूप डोकावणं शक्य राहत नाही. पण नोंदीतून कोणाची चौकशी चालू आहे हे फुटता कामा नये, संशयास्पद व्यवहाराचा अहवाल दिल्याची कुणकुण ग्राहकाला लागू देणं नियमांत बसत नाही. तेव्हा नोंदीत आदेशाचं कमिटमेंट आणि वेळ, आणि बाहेर फक्त तिमाहीत किती लिफाफे उघडले तो आकडा.

गोठवण्याचंही आत्ताच ठरवा. झाकलेल्या संचात 'या माणसाची नोंद' बाहेरून बोट ठेवून दाखवता येत नाही. आधी लिफाफा उघडून कमिटमेंट ओळखायचं, ते गोठवलेल्यांच्या यादीत टाकायचं, आणि प्रत्येक हस्तांतरणात 'मी वापरतोय ते कमिटमेंट त्या यादीत नाही' असं प्रूफ मागायचं. यादीत नसल्याचं सिद्ध करायला इंडेक्स्ड मर्कल ट्री घ्या.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. १२ संस्थांच्या नेटवर्कमध्ये 'कोणती संस्था' हे लपवण्यावर कष्ट घालवू नका. बारांतून एक शोधायचा, तोही कामाच्या वेळा आणि महिनाअखेरची धावपळ पाहून, हे अवघड नाही. प्रायव्हसी पूल्ससारख्या (मान्य ठेवीदारांच्या संचात मिसळून व्यवहार झाकणाऱ्या) रचनेतही संच लहान असला की झाकण पातळच राहतं. दर, रक्कम आणि पुरवठादार–खरेदीदार जोडी, सगळी ताकद यांच्यावर लावा. प्रायव्हसी पूल्सकडून एक मात्र जरूर घ्या: मान्य संचातून वगळलेल्या माणसाला आपले पैसे उघडपणे मूळ पत्त्यावर परत नेता येतात. तुमच्याकडेही प्रमाणपत्र रद्द झालेल्या पुरवठादाराला चालू बिल उघडपणे मिटवून बाहेर पडायची वाट हवी, नाहीतर त्याचं येणं आत अडकून राहील.

उत्तर: सर्किट_तपासनीस

उशिरा आलो, फक्त सर्किटबद्दल लिहितो.

नलिफायर करारात २५६ बिटांचा आकडा म्हणून येतो, पण सर्किटमध्ये तो बीएन२५४ या वक्राच्या फील्डमध्ये (ठरावीक मर्यादेखालच्या आकड्यांच्या संचात) मोजला जातो, आणि ते फील्ड २५६ बिटांच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं आहे. करारात 'आकडा फील्डच्या मर्यादेपेक्षा लहान आहे' ही तपासणी नसेल तर त्याच नलिफायरमध्ये मर्यादा मिळवून पाच-सहा वेगवेगळी रूपं तयार होतात. सर्किटला सगळी एकच, कराराला सगळी नवी. तुमचं एक बिल तेवढ्या वेळा वटेल. एका ओळीची तपासणी आहे, आणि तीच सुटते.

सर्कम या सर्किट लिहिण्याच्या भाषेत किंमत देणं आणि बंधन घालणं या वेगळ्या गोष्टी आहेत. टॉर्नेडो कॅशनं वापरलेल्या हॅशच्या सर्किटमध्ये २०१९ साली बंधनाच्या चिन्हाऐवजी नुसतं बरोबरचं चिन्ह राहिलं होतं, आणि त्यामुळे खोटं प्रूफ बनवता येत होतं. कोणी गैरफायदा घेण्याआधी ते लक्षात आलं म्हणून पैसे वाचले. झीकॅशच्या पहिल्या प्रूफ पद्धतीतला दोष २०१८ मध्ये सापडला, २०१९ मध्ये जाहीर झाला. रकमा झाकलेल्या असल्यानं, त्याचा कोणी आधी गैरफायदा घेतला होता का हे आत पाहून ठरवता येत नव्हतं. यावर उपाय हिशेबाचा आहे: प्रत्येक संस्थेनं दिलेली आणि परत आलेली एकूण रक्कम तिमाहीला प्रूफसह बाहेर काढा आणि बँकखात्याच्या उताऱ्याशी जुळवा. सर्किट फसलं तरी ही बेरीज फसत नाही.

प्रूफ पद्धत निवडताना नियम किती वेळा बदलणार ते पाहा. ग्रॉथ१६ या पद्धतीचं प्रूफ पडताळायला इथेरियमवर पेअरिंगचे (वक्रावरच्या तपासणीचे) १,८१,००० गॅस (साखळीवरच्या कामाचं माप) आणि प्रत्येक सार्वजनिक इनपुटमागे ६,१५० लागतात, स्वस्त आहे; पण सर्किटमधली एक अट बदलली तरी सेटअपचा दुसरा टप्पा पुन्हा करावा लागतो. अनुपालनाचे नियम बदलतच राहतात. म्हणून आयआरपी सही आणि ओपीआरएफ यांचं स्थिर सर्किट ग्रॉथ१६ मध्ये, आणि केवायसी, याद्या, मर्यादा यांचं सर्किट प्लॉन्क या दुसऱ्या पद्धतीत ठेवा, तिथे एकच सार्वत्रिक सेटअप पुरतो. दोन्ही प्रूफ एकाच कमिटमेंटवर बांधलेली असली पाहिजेत, नाहीतर एका बिलाचं एक आणि दुसऱ्याचं दुसरं जोडता येईल.

ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या आत आहे त्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं नाही, म्हणजे आयआरएनही नाही आणि आयआरपीची सहीही नाही. तुमच्या सर्वांत लहान पुरवठादारांचं हेच असेल. त्यांच्यासाठी नलिफायरचा आधार खरेदीदारानं सही केलेली स्वीकृती ठेवा, आणि बिल क्रमांक खरेदीदाराच्या नोंदीतून घ्या, पुरवठादाराच्या नाही. आयआरएन असलेल्या बिलांनाही ही स्वीकृती लागतेच, कारण आयआरएन फक्त बिल नोंदवल्याचं सांगतो, माल पोचल्याचं नाही. शिवाय आयआरएन २४ तासांत रद्द करता येतो, तेव्हा तेवढा वेळ गेल्याशिवाय बिल 'राखीव' च्या पुढे जाऊ देऊ नका.